विकायचं असेल तर ऐकायचं नाही

"बोगद्याला पडसं झालंय," आमचे हे म्हणाले.

मी दुकानात पिको-फॉलच्या साड्यांचा ढीग उपसत होते. दुपारी बाराला वीज फुकट होते आणि तीनला मीटर पुन्हा पळायला लागतं. तेवढ्या वेळात निम्म्या चिपळूणच्या साड्या मला हातावेगळ्या करायच्या असतात. अशा वेळी नवरा दारात उभा राहून बोगद्याच्या तब्येतीचं सांगायला लागला की माझं डोकं फिरतं.

"मग त्याला गवती चहा पाजा," मी म्हटलं.

"शैला, थट्टा नाही करत. आत कुणीतरी नाक ओढतंय असं वाटतं. सूं सूं, मग टक्. महिना सुरू झाल्यापासून रोज."

आमच्या मिलिंदरावांनी उभी नोकरी वाचनालयात 'शांतता राखा'च्या पाटीखाली काढली. निवृत्त झाले आणि त्यांना शांततेचा उबग आला. मग त्यांनी सह्यगती कंपनीचा एक शेअर घेतला. एकच. नफ्यासाठी नाही, कानासाठी. तेव्हापासून हा माणूस दिवसभर कानात बटण घालून करंजखिंडीच्या बोगद्यातून जाणाऱ्या गाड्या ऐकत असतो. माझं बोलणं इतकं मन लावून ऐकलं असतं तर संसाराचं सोनं झालं असतं.

हे कानाचं प्रकरण आधी नीट सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

करंजखिंडीच्या डोंगरात सह्यगतीचे दोन बोगदे आहेत. एक गाड्यांचा, चिपळूणहून पाटणकडे जाणारा. दुसरा पाण्याचा. डोंगराच्या माथ्यावर एक तळं, पायथ्याशी एक तळं. दुपारी ऊन रग्गड, सौरवीज इतकी की कुणी विचारत नाही. तेव्हा कंपनीचे पंप त्या विजेवर खालचं पाणी वर चढवतात. संध्याकाळी घरोघरी दिवे, शेगड्या सुरू झाल्या की तेच पाणी बोगद्यातून खाली सोडायचं, जनित्रं फिरवायची आणि वीज चढ्या भावानं विकायची. एकाच डोंगरातून टोलही मिळतो आणि विजेचे पैसेही. शेअर घेणाऱ्याला आणखी काय हवं?

या दोन्ही बोगद्यांच्या भिंतींत केसाएवढी बारीक काचेची तार पुरलेली आहे. तिच्यातून प्रकाशाचे ठोके सोडत राहतात. काच कितीही शुद्ध असो, थोडा प्रकाश जागोजागी विखरून मागे फिरतो. भिंत जराशी जरी थरथरली तरी तार ताणली जाते आणि तिथून परतणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळानं परतला यावरून नेमकं कुठल्या मीटरवर हललं ते कळतं. म्हणजे अख्खा बोगदा एक लांबलचक कान झाला. आत टायर फुटला तरी कळतं, भिंतीमागे पाणी झिरपलं तरी कळतं. पण आवाज इतके की यंत्राला सगळ्यांचा अर्थ लागत नाही. म्हणून सरकारनं नियम केला, की भागधारकांनाही ऐकू द्या. मालकानं आपल्या मालावर कान ठेवावा. दर महिन्याला प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीचा नवा तुकडा येतो. शंकास्पद वाटलं तर कंपनीला 'हाक' द्यायची.

इथवर ठीक. पण पुढे दोन अटी आहेत. पहिली, कान लावला की आतली बातमी कळली असं धरतात, म्हणून त्या खात्यातले शेअर महिनाभर विकता येत नाहीत. आता मला सांगा, ज्याला विकायचंय तो कशाला ऐकेल? हळूहळू पैसेवाले बहिरे झाले आणि ऐकायला उरले आमच्या ह्यांच्यासारखे रिकामे लोक.

दुसरी अट वाट्याची. पाचशेच्या वर शेअर असणाऱ्याला हवा तो तुकडा ऐकता येतो आणि त्यानं हाक दिली की दोन्ही तोंडांचे दांडे आपोआप खाली येतात. तपासणी होईतोवर बोगदा बंद. एका शेअरवाल्याची हाक मात्र रांगेत जाऊन पडते. आणि अशा मोठ्या भागधारकाची हाक खोटी निघाली तर त्याचे शेअर जप्त. ज्यानं हे ठरवलं त्याला वाटलं असेल, की ज्याचा जीव गुंतलाय तोच जपेल. गुंतलेला जीव काय काय करतो ते त्याला ठाऊक नसावं.

"तुम्ही हाक दिलीत ना?" मी ह्यांना विचारलं.

"तीनदा. 'आपली नोंद मिळाली, धन्यवाद' एवढंच आलं." मग ते जरा चाचरत म्हणाले, "तू एकदा ऐकतेस का? तुझ्या खात्यात हजाराच्या वर आहेत."

"सोमवारी आम्हाला विकायचेत. आठवतंय ना?"

मी मशीनवर पाय ठेवला.

माझ्या खात्यात असले तरी ते शेअर माझ्या एकटीचे नव्हते. आमची बारा बायकांची भिशी आहे. सहा वर्षांपूर्वी रुक्साना पारकर म्हणाली की चिठ्ठी काढून पैसे घरी नेले की आठ दिवसांत कापरासारखे दिसेनासे होतात, त्यापेक्षा शेअर घेऊ. आपल्याच डोंगरातली कंपनी, येता-जाता दिसते तरी. ठरलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शेअर घ्यायचे. भाव चढला असेल तर नेमाचे, पडला असेल तर दुप्पट. पडलेला भाव म्हणजे आम्हाला सेल लागल्यासारखं वाटायचं. सगळे माझ्या नावावर, कारण मी उधारी विसरत नाही अशी माझी ख्याती आहे. सही नाही, कागद नाही. भिशीत कुणी सही मागितली तर तिला दुसऱ्या महिन्यात कुणी बोलावत नाही. सहा वर्षं पुरी झाली की सगळे विकायचे आणि वाटून घ्यायचे. ती वर्षं या सोमवारी पुरी होत होती.

त्या संध्याकाळी तेजस्विनी आली. ही माझी धाकटी जाऊ, भिशीतलीच. धाकटे दीर गेले तेव्हा तिची सोना चौथीत होती. तेव्हापासून भाड्याच्या खोल्या बदलत दिवस काढतेय. शिकवायला पाटणच्या बाजूच्या शाळेत जाते, सकाळच्या पाळीला. आल्या आल्या तिनं पिशवीतून नकाशा काढून जमिनीवर पसरला.

"वहिनी, हे बघा. खेंडीतला फ्लॅट. एकच खोली आणि स्वयंपाकघर, पण गॅलरी आहे. सोनानं आत्ताच सांगून टाकलंय, गॅलरी माझी."

"तिचं लग्न होऊन ती गेली की तुझी," मी म्हटलं.

"पंधरा तारखेला बिल्डरला पैसे द्यायचेत. नाहीतर तो दुसऱ्याला देतोय. सोमवारी विकले की बुधवारी जमा होतात ना?"

"होतात."

हे खुर्चीवरून म्हणाले, "तेजू, तू शाळेतून येतेस ती बस बोगद्यातून किती वाजता..."

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वाक्य चहाबरोबर गिळलं. तेजूचं लक्ष नव्हतं. ती नकाशावर बोटानं देवघराची जागा शोधत होती. ती साडेबाराच्या बसला बसते आणि एकच्या सुमारास बोगद्यातून जाते, हे मला न विचारताही माहीत होतं.

शनिवारी मळभ आलं. दुकानातला विजेचा दिवा सकाळीच लाल झाला, म्हणजे आज दुपारी फुकट वीज नाही, ऊनच नाही तर कुठून येणार. मी चिडून साड्या बाजूला सारल्या. तेवढ्यात हे आले आणि म्हणाले, "आज बरं वाटतंय त्याला."

"कुणाला?"

"बोगद्याला. सकाळपासून एकदाही सूं नाही."

मी हातातली कात्री खाली ठेवली. मग विचारलं, "रोज कधी करतो तो? दिवसभर?"

"नाही. जेवायच्या आधी सुरू होतं. तू दुकान आवरून वर येतेस तेव्हा बंद झालेलं असतं."

बारा ते तीन. माझं शिवणयंत्र चालतं तेव्हा. आणि ऊन नसलं की नाही. मी काही इंजिनियर नाही, पण फुकट विजेवर या तालुक्यात माझ्या मशीनशिवाय आणखी काय चालतं ते मला कळतं. पंप चालतात. पाणी वर चढवायचं म्हणजे पाण्याच्या बोगद्यात दाब वाढणार. दाब वाढला की कुठल्या तरी भेगेतून पाणी कातळात शिरतंय आणि शेजारच्या गाड्यांच्या बोगद्याच्या भिंतीमागे येऊन बसतंय. तिथे ते नाक ओढतंय.

मी हे ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं, ते म्हणतील तुझं आपलं काहीतरीच. तसं म्हणाले असते तर मला फार बरं वाटलं असतं.

रविवारी मी कंपनीला फोन लावला. रस्ता विभागाचा गोड आवाज म्हणाला, "त्या तुकड्यात ओलावा आहे, तो मर्यादेत आहे. पाण्याचे आवाज ऊर्जा विभाग पाहतो." ऊर्जा विभागाचा तितकाच गोड आवाज म्हणाला, "आमच्या बोगद्यात गळती नाही. तुम्ही म्हणता तो थरथराट रहदारीचा असावा, तो रस्ता विभागाकडे." दोन्ही आवाज यंत्राचेच होते. एका यंत्राला गाड्यांचे आवाज शिकवलेले, दुसऱ्याला पाण्याचे. गाड्यांच्या भिंतीतलं पाणी हा विषय कुणाच्याच अभ्यासक्रमात नव्हता.

"माणूस द्या," मी म्हटलं.

"आपण भागधारक असाल तर कान लावून हाक देऊ शकता," दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं.

म्हणजे गाडी फिरून तिथेच. कान लावला की खातं बंद. खातं बंद की तेजूचं घर गेलं. हाक खोटी ठरली तर बाराजणींचं सगळंच गेलं. मी रात्रभर कूस बदलत होते. हे पण जागे होते, पण दोघांनी झोपल्याचं सोंग केलं.

सोमवारी पहाटे मी तेजूला फोन केला. "आज जुन्या घाटानं ये."

"वहिनी, जुन्या घाटाची बस बंद होऊन तीन वर्षं झाली. काय झालं?"

"काही नाही. म्हटलं ऊन लागेल."

"बसमध्ये ऊन लागतं होय," ती हसली. "आणि माझ्यासाठी थांबू नका. बाजार उघडला की विकून टाका. मी पेढे घेऊनच येते."

सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. काय सांगणार होते? ती उतरली असती तरी बस जाणारच होती, आणि बसमध्ये काय ती एकटी असते?

बाजार उघडला तेव्हा मी विकलं नाही. भिशी जमू दे, सगळ्यांसमोर विकू, असं स्वतःला बजावलं. खरं म्हणजे माझं बोट धजावत नव्हतं. बाराच्या ठोक्याला एकेकजण येऊ लागली. दुपारी थंड हवेचं यंत्र फुकटात लावता येतं म्हणून आमची भिशी दुपारीच भरते. बाहेर कडकडीत ऊन होतं. रुक्सानानं सांदण आणलं होतं. खातू काकू नवी कोरी साडी नेसून आल्या होत्या, जणू काही लक्ष्मी दारात आहे आणि आपण जुनेरात दिसायला नको.

"विक गं," काकू म्हणाल्या. "मुहूर्त बघतेस काय?"

मी सगळं सांगितलं. पडसं, मळभ, पंप, दोन गोड आवाज. सांदणाची ताटली कुणीच उचलली नाही.

रुक्साना पहिल्यांदा बोलली. "शैलाताई, तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"नाही. ऐकलं असतं तर विकताच आलं नसतं."

"मग सोप्पं आहे," काकू म्हणाल्या. "आधी विक, मग ऐक. दोन मिनिटांचं काम. पैसे आपले, आणि पुण्यही आपलं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं होतंच की कुणीतरी हे म्हणणार. रात्री मीच स्वतःला दहा वेळा म्हटलं होतं.

"काकू, विकल्यावर माझ्याकडे शेअरच उरणार नाहीत. मग माझी हाक ऐकणार कोण? मिलिंदरावांचा एक आहे. त्यानं काय होतं ते बघितलंय ना."

"मग उद्या सांगू कुणाला तरी. पेपरात देऊ."

"उद्या," मी म्हटलं. घड्याळात साडेबारा होऊन गेले होते. तेजू बसमध्ये बसली असणार. मी तिला फोन लावला. लागला नाही. घाटात शिरलं की फोन मरतो. तिची सतरंजीवरची जागा रिकामी होती आणि सगळ्याजणी त्या जागेकडे न बघण्याची काळजी घेत होत्या.

हे दारात आले. त्यांनी कानातलं बटण काढून हातात धरलं होतं. "आज सूं नाही," ते म्हणाले. "आज टक् टक् चाललंय. नुसतं टक् टक्."

मला भीती वाटली. बोगद्याची भीती वाटली आणि खोलीतल्या या बायकांचीही वाटली. यांच्या मुलांच्या मुंजी-लग्नांना मी जेवलेय, यांनी माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू दिलेत. आणि मला सोनाची गॅलरी दिसत होती.

"मी लावते कान," मी म्हटलं.

"ए बाई, आमचे पण आहेत त्यात," कुणीतरी मागून म्हणालं. कोण ते मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आयुष्यभर तो चेहरा लक्षात राहिला असता.

मी खातं उघडलं, ह्यांचा तुकडा निवडला. यंत्रानं विचारलं, महिनाभर विक्री बंद होईल, मान्य आहे का. मी मान्य केलं. मग ऐकलं. आधी एक ट्रक गेला, मोठ्ठा घरघराट करत. तो विरला आणि मग भिंतीच्या मागून आलं ते. सुपारी अडकित्त्यात धरून कुणी घाईघाईनं कातरावी तसं. थांबतच नव्हतं. ह्यांनी इतके दिवस हे एकट्यानं ऐकलं आणि मी त्यांना चहा पाजायला सांगितलं.

मी हाक दिली.

यंत्र म्हणालं, "आपल्या शेअरांच्या जबाबदारीवर?" मी हो म्हटलं. लगेच आले शब्द: दोन्ही तोंडं बंद. आतली वाहनं बाहेर येत आहेत. पंप थांबवले आहेत.

आणि मग शेअरचा भाव. तो बघायला मला मोबाइल लागला नाही. खोलीतल्या सगळ्या मोबाइलांवर एकदमच दिसू लागला आणि बायकांच्या तोंडावरून मला तो कळला. खातू काकू उठल्या. त्यांनी चपला घातल्या आणि निघाल्या. थोड्या वेळात खोली रिकामी झाली. सांदण तसंच राहिलं.

तेजू आली ती दिवेलागणीला. बस बोगद्याच्या तोंडाशीच अडकली होती. मग कुणाच्या टेंपोत बसून ती जुन्या घाटानं धक्के खात आली होती. केस धुळीनं पांढरे. हातात पेढ्याचा पुडा होता, तो तिनं ओट्यावर ठेवला.

"तुम्ही दिलीत हाक," ती म्हणाली.

"हो."

"माझ्यासाठी दिलीत म्हणून सांगू नका. मला विचारलं असतंत तर मी खाली उतरले असते. चालत आले असते. पण विकू दिलं असतं."

"आणि बस?"

तिनं केसांतली धूळ झटकली.

"तेजू, विकले असते तर ते कुणीतरी घेतले असते ना. त्याच्या गळ्यात मारायचे?"

"तो जो कोणी असेल तो," तेजू म्हणाली. "मला त्याचं तोंड माहीत नाही. मला सोनाचं तोंड माहीत आहे. तिला आता मी काय सांगू?" ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, पण ती रडली नाही. ती निघून गेली. पंधरा तारीख आली आणि गेली. खेंडीतली खोली दुसऱ्या कुणी घेतली.

पुढच्या आठवड्यात नियामक कार्यालयातून अनुष्का ढवळे नावाची एक तरुण बाई आली. हाक देणाऱ्याचा जबाब घ्यायचा असतो. तिच्या बुटांना अजून बोगद्यातला चिखल होता. मी तिला बसवून पाणी दिलं आणि पहिला प्रश्न मीच विचारला, "खरी निघाली का?"

"खरी आहे. शेअर जप्त होणार नाहीत. भिंतीच्या मागे पोकळी झालीय आणि ती पाण्यानं भरलीय. पंप चालले की फुगायची, थांबले की ओसरायची."

"पडली असती?"

"सांगता येत नाही, काकू. दहा वर्षं टिकली असती. किंवा त्याच दुपारी गेली असती."

हे उत्तर घेऊन मी बायकांकडे कशी जाणार होते? दहा वर्षं म्हटलं की त्या एवढंच ऐकणार. अनुष्कानं मोबाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि मग जाता जाता बोलली, जरा संकोचून.

"एक सांगू का? हा तुकडा तुमच्या आधी चाळीसेक मोठ्या खात्यांनी ऐकलाय. गेल्या वर्षभरात."

"मग हाक?"

"एकाचीही नाही. ऐकलं, महिनाभर थांबले आणि विकून मोकळे झाले. कायद्यात बसतं ते. हाक द्यायची सक्ती नाही."

ती गेली आणि मी दुकानातच बसून राहिले. त्या चाळीस जणांनी एकाच वेळी विकलं नसेल. थोडं थोडं विकलं असेल आणि दर वेळी भाव जरा पडला असेल. आणि तो पडला की आम्ही काय करायचो? पहिल्या सोमवारी, सांदण खात, हसत हसत, दुप्पट घ्यायचो. तेजूला ज्याचं तोंड माहीत नव्हतं तो कुणीतरी आम्हीच होतो. मला त्या माणसांचा संताप आला, इतका की कात्री हातात होती ती मी आपटली. मग मला आठवलं की सोमवारी बाजार उघडला तेव्हा माझंही बोट पडद्यावर होतं.

मी रुक्सानाला सांगितलं. तिनं बाकीच्यांना सांगितलं. दोघीतिघी रस्त्यात भेटल्यावर बोलू लागल्या. तेजू नाही.

पंप बंद ठेवून, भिंतीमागे सिमेंट भरून बोगदा पुन्हा सुरू झाला. मग पंपही सुरू झाले, निम्म्या दाबानं. कंपनी म्हणाली आता काळजीचं कारण नाही. भाव थोडा सावरला, पूर्वीच्या निम्म्यापर्यंत आला आणि तिथेच घुटमळत राहिला. माझ्या खात्याचा महिना संपला तो आठवडा भिशीचाच होता.

बायका आल्या. सगळ्या नाही, आठ-नऊजणी. खातू काकूंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "आता मात्र पुराण नको. जे मिळतंय ते घेऊ आणि मोकळ्या होऊ."

"मी पण तेच म्हणते," रुक्साना म्हणाली, पण तिचं मन त्यात नव्हतं.

मी खातं उघडलं. विकायचा आकडा भरला. तेवढ्यात दारात तेजू उभी दिसली. शाळेतून सरळ आलेली. कुणीतरी सरकून तिला जागा करून दिली. ती बसली, पाणी प्यायली.

"आज आत एक मिनिट बस थांबली होती," ती म्हणाली. "पुढे गाडी बंद पडलेली. सगळे मोबाइलमध्ये बघत होते. मी भिंतीकडे बघत होते. शेजारच्या बाईच्या मांडीवर लेकरू होतं, ते झोपलेलं. मला वाटलं, आत्ता आपल्यासाठी कोण ऐकतंय?"

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"वहिनी, विकले की हाक देता येणार नाही ना?"

"नाही येणार."

"अगं, पण माझ्या वाट्याचं काय?" खातू काकू म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. "माझं वय काय आता, कधी मिळायचं मला?"

"काकू, तुमचा नातू कराडला कॉलेजला कुठून जातो?" तेजूनं विचारलं.

काकूंनी पदर सावरला.

तेजूनं माझ्या हातातला मोबाइल घेतला. सगळ्यात जास्त तिचंच गेलं होतं आणि सगळ्यात जास्त तिलाच हवं होतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. मी भरलेला आकडा तिनं पुसून टाकला आणि मोबाइल परत माझ्या हातात दिला.

"उद्या साडेबाराच्या बसनं मी येणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही ऐका."

मी कान लावला. खातं पुन्हा महिनाभरासाठी बंद झालं.